आबांनी तीनदा बरोबरी मागितली

१३ जाने., सोम. (भोगी)

काल लिहायला झालं नाही. इंदापूरहून घरी यायला साडेआठ वाजले, रस्ता सगळा उसाच्या ट्रॉल्यांनी अडलेला. आता भोगीची भाजी शिजतेय तोवर लिहून घेते.

तिसरा नंबर! पन्नाशीपुढचा गट, बावीस खेळाडू, बाई मी एकटी. ह्यांनी ट्रॉफी आधी टीव्हीवर ठेवली, मग "सरकतीय" म्हणून फ्रिजवर. शेजारच्या दोघी बघून गेल्या. जळोचीत बुद्धिबळाची ट्रॉफी बहुतेक पहिलीच.

शेवटची फेरी वामनराव घाडगे, नरसिंहपूरचे. सगळे आबाच म्हणतात. साखर कारखान्यात चिटबॉय होते, उसाच्या पावत्या लिहायचे, रिटायर होऊन दहा-बारा वर्षं. पांढरा पायजमा, टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. खेळतात शांत, पण पक्के. मी पांढरी. बाविसाव्या चालीला म्हणाले, "बाई, करायची का बरोबरी? जरा कसंतरीच हुतंय." म्हटलं, आबा, डाव आत्ता कुठं रंगात आलाय. हसले, रुमाल काढला, खेळले. एकोणतिसाव्याला परत, "बघा बाई." मी नुसती मान हलवली. एक प्यादं जास्त होतं माझं, का सोडू? चांगला घाम फोडला म्हाताऱ्याला. सारखे जबडा चोळत होते, दाढ असेल.

मग माझंच फिरलं. छत्तिसाव्याला घोडा भलतीकडे गेला. आबांचा हत्ती आत घुसला, एक प्यादं मोकळं सुटलं, पाच-सहा चालींत त्याचा वजीर होणार. मी गेल्यात जमा. आणि तेवढ्यात आबांनी तिसऱ्यांदा बरोबरी मागितली! जिंकलेला डाव! त्यांचा शब्द पुरा व्हायच्या आत मी हात पुढे केला. हात गार, ओला. "ॲसिडिटी झालीया," म्हणाले. म्हटलं, सोडा घ्या.

त्या अर्ध्या गुणानं तिसरी आले. मी बक्षीस घेताना आबांनी बसूनच टाळ्या वाजवल्या. भला माणूस.

देव पावला म्हणायचा. भाजी लागली वाटतं —

१४ जाने., मंगळ. (संक्रांत)

दुपारी पंच देशमाने सरांचा फोन. वाटलं तिळगुळासाठी केला.

वामन आबा गेले. रविवारीच. नरसिंहपूरच्या फाट्यावर एसटीतून उतरले आणि तिथंच बसले. मुलगा मोटारसायकल घेऊन न्यायला आला होता, त्याला वाटलं चप्पल घालतायत. जीप मिळेपर्यंत संपलं. हार्ट.

सर म्हणाले, "तुमच्याशीच शेवटचा डाव झाला त्यांचा. म्हटलं कळवावं."

काल सकाळी मी भाजी ढवळत वर लिहीत होते, तेव्हा त्यांना पोचवून लोक घरी परतले असतील.

हळदीकुंकवाला गेले नाही. डोकं दुखतंय सांगितलं.

१५ जाने.

परवाचं पान वाचलं. "चांगला घाम फोडला म्हाताऱ्याला." माझं अक्षर.

पान फाडायला घेतलं होतं. नाही फाडलं.

घाम. जबडा. कसंतरी होतंय. जळजळ. गार, ओला हात. पहिल्या वर्षाच्या पोरीला परीक्षेत विचारलं तरी सांगेल. मी छत्तीस वर्षं नर्स. त्यातली अकरा वर्षं कॅज्युअल्टीत. एकदा एका माणसाचे टाके काढत होते, शेजारी त्याची बायको उभी. तिच्या वरच्या ओठावरचा घाम बघून मी कात्री खाली ठेवली आणि आधी तिला कॉटवर घेतलं. ती बाई अजून गणेश पेठेत भाजी विकते. मला बघितलं की पैसे घेत नाही.

आणि इथं समोर, दोन फुटांवर, अडीच तास.

मी म्हटलं, दाढ असेल.

१७ जाने.

ह्यांना सांगितलं. पेपर खाली ठेवून ऐकलं, हे विशेष.

"तू काय ड्यूटीवर होतीस का?"

नव्हते.

"मग? तू खेळायला गेलतीस. त्या पोरानं न्हाय वळखलं, पंचानं न्हाय वळखलं, हॉलमधी शंभर माणसं हुती."

शंभर माणसांना येत नव्हतं हो, मला येत होतं. एवढं म्हटलं आणि भांडी घासायला गेले.

१९ जाने., रवि.

आठवडा झाला. ह्याच वेळी पट मांडला होता.

एक गोष्ट परवापासून लिहू की नको चाललंय. हात मिळवला तेव्हा माझी दोन बोटं त्यांच्या मनगटावर गेली. सवय आहे. भाजीवालीचा हात धरला तरी जातात. गेली होती हे नक्की आठवतं. पण पल्स कशी लागली? आठवत नाही. की मोजलीच नाही. की लागली, आणि मी —

ह्यांच्याकडून देशमाने सरांना तिळगूळ पाठवला. स्वतः गेले नाही.

२२ जाने.

सरांनी स्पर्धेचे फोटो ग्रुपवर टाकले. शेवटचा सगळ्यांचा एकत्र. मी पुढे, ट्रॉफी छातीशी धरून, दात दाखवत. आबा मागच्या रांगेत डावीकडून दुसरे. दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरलीय. बोटांनी फोटो मोठा केला. ओठांचा रंग बघत होते. मोबाईलवर काय दिसणार? तरी बघत बसले, दूध उतू गेलं.

२५ जाने.

दुपारी हे झोपले असताना पल्स बघितली. ७६. रेग्युलर. जागे झाले, खेकसले. "मी मेलो न्हाय अजून!"

२६ जाने.

मोबाईलवर एक डाव लावला, सहज, मन रमावं म्हणून. समोर कोण कुठला, नाव नाही, नुसता नंबर. पंधराव्या चालीला पट्टी आली, समोरचा खेळाडू बरोबरी मागतो आहे. मोबाईल उशीवर पालथा टाकला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा वेळ संपून हरले होते. बरं वाटलं. हरल्याचं.

२९ जाने.

शेवटी तो डाव मोबाईलमधल्या चाली तपासणाऱ्या यंत्रात घातला. नियमाप्रमाणे बरोबरी मागितली की कागदावर त्या चालीपुढे कंसात = असं करायचं. माझ्या कागदावर तीन आहेत. २२, २९, ३८.

बाविसाव्याला यंत्र म्हणतं, डाव सारखा. एकोणतिसाव्यालाही सारखाच. माझं ते जास्तीचं प्यादं नुसतं शोभेला होतं, आबांचे उंट त्याहून भारी. म्हणजे पहिल्यांदा मागितली तेव्हा मी हो म्हटलं असतं तर माझं काहीही जाणार नव्हतं. अर्धा गुण तोच. नंबर तोच. साडेतीनला सुटलो असतो.

अडतिसाव्याला आबा सरळ जिंकत होते. त्यांना दिसत नव्हतं असं मी समजले. दिसत होतं. उठायचं होतं त्यांना फक्त.

३० जाने.

आज आबांच्या बायकोचा फोन. सरांकडून नंबर घेतला म्हणाल्या. घरी-दारी सगळे अक्का म्हणतात.

"शेवटी तुमीच बसला व्हता त्यांच्या म्होरं. एकदा या की. कसं खेळलं, काय बोललं, सांगा. हितं कुनाला त्यातलं कळत न्हाय."

येते म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

२ फेब्रु., रवि. नरसिंहपूर

जाऊन आले. देवळाच्या मागच्या आळीत घर, दोन खोल्या आणि पत्र्याची पडवी. अक्का बारीक, गोऱ्या, डोक्यावरचा पदर ढळत नाही. मुलगा सुरेश चाळिशीचा, दूध संकलन केंद्रावर असतो, तो कामावर गेलेला. आम्ही दोघीच.

अक्कांनी आबांच्या शर्टाच्या खिशात सापडलेला कागद आणला. त्यांची डावाची नोंद. इस्त्री फिरवून सपाट केलीय, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलीय.

कागद बघितला. पंचविसाव्या चालीपर्यंत अक्षर मोत्यासारखं. कारखान्याच्या पावत्या लिहिलेला हात. तिसाव्यानंतर ओळ खाली उतरायला लागते. चौतिसाव्या चालीचा आकडा दोनदा गिरवलाय. शेवटची सही नुसती रेघ. केसपेपरवर असं अक्षर पाहिलं असतं तर मी डॉक्टरांना हाक मारली असती.

"ही काय खून केलीया तीन ठिकाणी?" अक्कांनी बोट ठेवलं.

सांगितलं. आबांनी तीनदा बरोबरी मागितली. दोनदा मी दिली नाही.

आणि अक्का हसल्या! पदर तोंडाला लावून हसल्या. "त्यांची खोडच हुती वो ती. पत्त्यात बी बरोबरी, भांडनात बी बरोबरी. आमचं कडाक्याचं वाजलं की चौथ्या शब्दाला म्हनायचं, अक्के, बरोबरी करू, च्या टाक. सगळ्या तालुक्याला म्हाईत हाय. तुमी नका मनाला लावून घेऊ."

क्षणभर असं हलकं वाटलं की मीही हसले. देवाशप्पथ हसले.

मग त्यांनी विचारलं, "ताई, तुमी काय करत हुता?"

"नोकरी होती. सरकारी."

"हपिसात?"

मी मान हलवली. कशी हलवली, हो अशी की नाही अशी, मलाच सांगता येणार नाही. त्यांनी हो धरलं.

निघताना पेरू दिले, पिशवीभर, घरामागच्या झाडाचे. एसटीत सारखा वास येत होता.

३ फेब्रु.

पेरू अंगणवाडीत देऊन आले.

घाम, जबडा, तो सगळा दोष एकीकडे. ते कदाचित खरंच लक्षात आलं नसेल. पण कालची मान मी जाणूनबुजून हलवली.

९ फेब्रु.

अक्का आठवड्यातून दोनदा फोन करतात. कधी आबांचं, कधी गुडघ्याचं. आज विचारलं, गुडघ्याला काय लावावं? मला चार औषधं माहीत आहेत. म्हटलं, डॉक्टरांना विचारा. माझ्यासारख्या हपिसातल्या बाईला काय कळणार, असं म्हणायचं तेवढं बाकी राहिलं.

१६ फेब्रु.

सुरेशचा फोन. दोन मार्चला नरसिंहपुरात आबांच्या स्मरणार्थ एक दिवसाची स्पर्धा. गावातल्या तालमीची पोरं करतायत, ग्रामपंचायतीनं हॉल दिलाय. उद्घाटनाला मी यायचं, पहिली चाल मी करायची.

"आईची लई इच्छा हाय. तुमच्यासंगं शेवटचा डाव झाला म्हनून. कार्ड छापाय टाकायचंय, तुमचा परिचय सांगा की."

"ज्येष्ठ खेळाडू लिहा."

"आनि? नोकरी कुठं हुती?"

"तेवढंच लिहा, पुरे."

२० फेब्रु.

ह्यांच्याशी बोलले. सांगून टाकते म्हटलं अक्कांना.

चष्मा पुसून घेतला. मग म्हणाले, "सांगून काय हुनार? तुझं मन हलकं हुईल. तिचं जड. ती बिचारी समजुतीनं हसाय लागलीया, आन् तू जाऊन सांगनार, तुझा नवरा वाचला असता."

ह्यांचं खरं आहे. आयुष्यभर एसटीच्या डेपोत इंजिनं उघडली, मोजून-मापून बोलणारा माणूस.

पण मग मी तिथं हॉलमध्ये उभी राहून पहिली चाल करायची. आबांच्या फोटोला हार घालायचा. आणि अक्का कौतुकानं बघत बसणार.

तब्येत बरी नाही म्हणून कळवावं का? सुरेशला मेसेज लिहिला. खोडला. परत लिहिला.

२४ फेब्रु.

मेसेज पाठवला नाही.

डाव परत मांडला. बाविसाव्या चालीपर्यंत येते आणि पुढची चाल हातून होत नाही. डोळ्यांपुढे रुमाल येतो. निळ्या रेघांचा होता. इतके दिवस आठवला नव्हता, आज आठवला. कपाळ पुसून घडी घातली, घडी चुकली, परत घातली.

कळलं होतं का मला? प्रामाणिकपणे? बाविसाव्याला नाही. एकोणतिसाव्याला… मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. पटाकडे बघून मान हलवली. का बघितलं नाही? बघितलं असतं तर उठावं लागलं असतं म्हणून?

२७ फेब्रु., गुरु.

आज जाऊन सांगितलं.

फोन न करता गेले. अक्का पडवीत हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या. "या की, रविवारी येनार हुता न्हवं?" मी समोर बसले, सवयीनं चार घाटे उचलले. दोन-तीन सोलले असतील. मग म्हटलं,

"अक्का, मी हपिसात नव्हते. मी नर्स होते. दवाखान्यात. छत्तीस वर्षं."

"बरं मग?"

"आबांना घाम आलेला मी बघितला. जबडा चोळत होते. हात गार पडला होता. ती सगळी हार्टची लक्षणं. मी रोज बघत आले. मला कळायला हवं होतं."

त्यांचे हात थांबले नाहीत. "कळाय हवं हुतं ते सोडा. कळलं हुतं का न्हाय, ते सांगा."

इतकं सरळ मला मीसुद्धा विचारलं नव्हतं.

"माहीत नाही, अक्का. मला जिंकायचं होतं. मी बघितलंच नाही त्यांच्याकडे."

"आन् तवाच दवाखान्यात नेलं असतं तर?"

इथं खोटं बोलता आलं असतं. ह्यांना हवं होतं तसं. आबांची वेळ आली होती, असं म्हटलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती.

"इंदापुरात होतो. दवाखाना रिक्षानं दहा मिनिटं. कदाचित वाचले असते. नक्की नाही सांगता येत. पण कदाचित."

"हं."

घाट्याचं टरफल फुटल्याचा आवाज तेवढा. शेळी ओरडली तर उठून तिला पाला टाकून आल्या, परत बसल्या. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"त्या दिशी सकाळीच म्हनलं हुतं त्यांनी, छातीत जळजळतंय. मी म्हनलं, राती शेंगदान्याचं वडे खाल्लं, दुसरं काय. जिऱ्याचं पानी दिलं. म्हनलं जावा, घरात बसून माझं डोकं खाऊ नगा. मी धाडलं त्यांस्नी. मी." एक घाटा सोलला. "दीड म्हैना झाला, कुनाला बोलले न्हाय. सुऱ्याला बी न्हाय. रोज देवळात जाऊन एकच इचारते, मला कसं कळलं न्हाय. म्हनलं मी आडानी, मला कुठनं कळनार. आशी समजूत घालायची. पुन्यांदा दुसऱ्या दिशी तेच."

मी हात पुढे केला, पण त्यांच्या हातात टोपली होती.

"तुमी पहिल्यांदा आलता तवाच बोलायला हवं हुतं," म्हणाल्या. रागानं नाही. रागानं बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"चुकलं माझं. मान हलवली तेव्हा तर जाणूनबुजून चुकलं."

"व्हय."

उठले. विचारलं, "रविवारी येऊ का मी? की नको?"

"ते मी न्हाय सांगायची."

दारापर्यंत आल्या नाहीत. एसटीला तासभर वेळ होता, संगमावर जाऊन बसले. नीरेचं पाणी आणि भीमेचं पाणी कुठं मिळतं ते म्हणे रंगावरून ओळखता येतं. मला ओळखता आलं नाही.

हलकं वाटेल असं हे म्हणाले होते. वाटत नाही.

२८ फेब्रु.

फोन नाही. सुरेशचा नाही, अक्कांचा नाही. मीही केला नाही.

ह्यांनी आज स्वतः चहा केला.

१ मार्च, शनि.

सकाळी व्हॉट्सॲपवर कार्ड आलं. सुरेशकडून. वर नरसिंह, मग आबांचा फोटो, टोपी घातलेला, हसरा. उद्घाटक: सौ. कुसुम काटकर. माझंच नाव. खाली "ज्येष्ठ बुद्धिबळ खेळाडू". आणि त्याखाली आणखी एक ओळ, जाड ठशात:

सेवानिवृत्त परिचारिका, ३६ वर्षे रुग्णसेवा.

ही ओळ मी दिली नव्हती. सुरेशला फोन लावला.

"व्हय, ती आईनं घालाय लावली. गुरुवारी सांजच्याला. कार्डं छापून आली हुती वो, परत धाडली. म्हनली, ह्ये लिहिल्याबिगर कार्ड वाटायचं न्हाय. आन् बारीक नगं, मोठ्या अक्षरात."

"का म्हणाल्या तसं?"

"काय बोलली न्हाय. आमाला म्हाईतच नव्हतं तुमी सिस्टर हुता. आमच्या गावात आज सगळीकडं कार्ड गेलंय."

"त्या आहेत का तिथं? देता का फोन?"

जरा वेळ गेला. लांबून बोलल्याचं ऐकू आलं, शब्द कळले नाहीत.

"आई म्हनती, उद्या बोलू. नऊला उद्घाटन हाय, टायमात या."

कार्ड ह्यांना दाखवलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. "मानानं घातलंय म्हनावं," म्हणाले, "का मग गावाला कळावं म्हनून…"

मोबाईल माझ्या हातात दिला आणि उद्याच्या पहिल्या गाडीची वेळ बघायला कोपऱ्यावर गेले.